चादर, थ्रो, सतरंजी : कस्टम्सचा कोड ठरवताना

पुरवठादाराकडून आलेल्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर, सगळ्या मालापुढे एकच आकडा होता : ६३०४. चादरी, उशांचे अभ्रे, कुशन कव्हर, भरलेली कुशनं, टर्की टॉवेल, टेबल रनर, नॅपकिन, सतरंज्या, थ्रो (सोफ्यावर टाकायचे किंवा पांघरायचे कपडे), लव्हाळ्याच्या टेबल मॅट, सगळ्यांना तोच. त्यांच्या लेखी हे सगळं ‘होम फर्निशिंग’, आणि ६३०४ म्हणजे ‘इतर फर्निशिंग वस्तू’. त्यांचा हिशेब तिथे संपत होता. पण आयातीच्या घोषणापत्रावर सही आयातदाराची असते. पाठवणाऱ्याने लिहिलेला कोड ही फार तर एक सूचना. माल कुठल्या हेडिंगमध्ये, म्हणजे चार आकडी गटात, बसतो हे सांगणं आणि विचारल्यावर पटवून देणं ही माझी जबाबदारी. म्हणून प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना मागवला, टेबलावर मांडला आणि आकडा स्वतः शोधायचं ठरवलं.

हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजे आपण ज्याला एचएस म्हणतो ती, जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गवारी. तिचा करार १९८३ चा, अंमल १ जानेवारी १९८८ पासून. पहिले सहा आकडे ही वर्गवारी पाळणाऱ्या सगळ्या देशांत सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. कापडाचा विभाग अकरावा, प्रकरणं ५० ते ६३. त्यातली ५० ते ५५ तंतूच्या जातीप्रमाणे लावलेली : रेशीम, लोकर, कापूस, मग लिनन-तागासारखे इतर वनस्पतिजन्य तंतू, मग मानवनिर्मित धागे. ५७ मध्ये गालिचे आणि जमिनीवर अंथरायच्या वस्तू. ६३ मध्ये इतर तयार वस्तू. माझा बराचसा माल ६३ मध्ये जाणार हे उघड होतं, पण त्या एका प्रकरणातही हेडिंग बदललं की शुल्क बदलू शकतं, व्यापार करारातली सवलत मिळेल की नाही हेही बदलू शकतं.

कस्टम्समधून माल सोडवून देणारे आमचे क्लिअरिंग एजंट या कामात मुरलेले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, “ताई, हेडिंगच्या यादीत वस्तूचं नाव शोधत बसू नका. आधी विभागाच्या टिपा वाचा, मग प्रकरणाच्या, आणि मग हेडिंगकडे या.” हा सल्ला म्हणजे खरं तर वर्गीकरणाच्या सहा सर्वसाधारण नियमांतला पहिलाच नियम. विभाग आणि प्रकरणांची शीर्षकं फक्त सोयीसाठी आहेत. कायदेशीर वजन आहे ते हेडिंगच्या शब्दांना आणि टिपांना, असं तो सांगतो. लोक घाईने तिसऱ्या नियमावर, म्हणजे एकाच वस्तूला एकाहून जास्त हेडिंग लागू पडतील तेव्हाच्या नियमावर, उडी मारतात, ‘वस्तूचं मूळ स्वरूप काय’ यावर वाद घालू लागतात. माझ्या मालापैकी जवळजवळ सगळं पहिल्या नियमातच सुटलं, आणि ते सुटलं टिपांमुळे.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो नॅपकिनांच्या ताग्यावर. आमचे नॅपकिन सुटे येत नाहीत. मागावर सलग विणलेलं कापड, गुंडाळी केलेली, आणि ठरावीक अंतरावर बाणा, म्हणजे आडवा धागा, न भरता सोडलेली पट्टी. तिथे नुसते ताण्याचे, म्हणजे उभे धागे असतात. त्या पट्टीच्या मधोमध कापलं की दोन्ही बाजूंना आपोआप दशा तयार होतात. गुंडाळीकडे पाहून कुणीही म्हणेल, हे सुती कापड आहे, प्रकरण ५२ मध्ये टाका. पण विभाग अकराची सातवी टीप ‘तयार वस्तू’ कशाला म्हणायचं ते बारकाईने सांगते. चौकोनाखेरीज इतर आकारात कापलेलं असेल तर तयार. काठ मुडपून शिवलेला असेल किंवा काठाला गाठी मारलेल्या दशा असतील तर तयार. तुकडे शिवून किंवा चिकटवून जोडलेले असतील तर तयार. आणि मागावरून उतरतानाच जे वापरायला सिद्ध आहे, किंवा फक्त मधले विभाजक धागे कापले की सिद्ध होतं, तेही तयार. माझी गुंडाळी या शेवटच्या वर्णनात नेमकी बसत होती. शेजारची आठवी टीप पुढचं काम करते : सातव्या टिपेनुसार जे तयार, त्याला प्रकरण ५० ते ५५ लागू होत नाहीत. म्हणजे ५२ चा प्रश्नच मिटला. नॅपकिन हे टेबल लिनन (इथे लिनन म्हणजे तो तंतू नव्हे, घरगुती वापराचं कापड), हेडिंग ६३०२.

त्याच पुरवठादाराचं दुसरं एक साधं चौकडीचं कापड होतं, लांबच्या लांब, कापून नॅपकिन करता येतील असं. त्यात विभाजक पट्टी नव्हती. सरळ कात्रीने कापलेला चौकोन, काठ न मुडपलेला, ही तयार वस्तू नव्हे. काठाचे धागे सुटू नयेत म्हणून नुसता साधा टाका घातला असेल, तरीही नव्हे. ते ५२ मध्येच राहिलं. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या तर लांबून फरक दिसत नाही. हात लावून ती मोकळी पट्टी शोधावी लागते. विणकराने बाणा कुठे थांबवला यावर कायद्याची एक अख्खी ओळ उभी आहे, हे मला मनापासून आवडलं. जो माणूस मागावर बसतो त्याचं काम या कागदांत कुणीतरी नीट पाहिलेलं आहे.

एकदा वस्तू ‘तयार’ ठरली की पुढचा प्रश्न ती कुठे वापरायची. पलंगावर, टेबलावर, न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, की नुसती सजावटीला? ६३०२ मध्ये पहिल्या चार जागांचं लिनन येतं. चादर आणि उशीचा अभ्रा तिथे. कुशन कव्हर मात्र ६३०४. दोन्ही पिशवीसारखीच शिवलेली, एकाला पाकीट आणि दुसऱ्याला चेन. पण अभ्रा झोपण्याच्या लिननचा भाग आणि कुशन कव्हर सजावटीचा. त्याच कुशनमध्ये कापूस किंवा फायबर भरून आलं, की ते ६३ मधून बाहेर पडून थेट ९४०४ मध्ये, गाद्या-उशांच्या घरात जातं. ६३०४ च्या शब्दांतच लिहिलंय की ९४०४ चा माल इथे नाही. रजईचंही तेच : आत काही भरलेलं असेल तर ९४०४, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून रजया-दुलयांसाठी ९४०४.४० हे वेगळं सबहेडिंग, म्हणजे हेडिंगखालचा सहा आकडी उपगट, आहे.

एक्सप्लनेटरी नोट्स, म्हणजे हेडिंगांचा अर्थ उलगडून सांगणारी स्पष्टीकरणं, हाताशी ठेवल्याचा फायदा इथे कळला. त्या कायद्याचा भाग नाहीत, पण जगभरचे अधिकारी त्यांच्या आधाराने वाचन करतात. टेबल रनर सहसा टेबल लिनन, ६३०२. पण टेबलाच्या मध्यावर टाकायचं आच्छादन लेसचं, मखमलीचं किंवा जरीकामाच्या ब्रोकेडचं असेल, तर ते धुवून रोज वापरायचं लिनन राहत नाही; ते ६३०४ कडे जातं. माझ्याकडे दोन्ही होते. स्वयंपाकघरातही अशीच रेघ आहे : भांडी, पेले पुसून कोरडे करायचा टॉवेल ६३०२, आणि ओटा, फरशी, धूळ पुसायचं फडकं ६३०७.१०. पडद्यांना ६३०३ हे स्वतःचं हेडिंग आहे, त्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही.

थ्रोंनी मात्र दमवलं. इनव्हॉइसवर तिन्ही प्रकारांना नुसतं ‘थ्रो’ म्हटलेलं. पहिला लोकरीचा, घासून लव काढलेला, जाड, अंगावर घेतला की ऊब देणारा. हा ६३०१.२०, म्हणजे लोकरीचं ब्लँकेट, यात दुमत व्हायचं कारण नव्हतं. दुसरा सुती, जाड, खणाखणांच्या विणीचा, टोकांना गाठी मारलेल्या दशा. पुरवठादाराचं म्हणणं, हा सोफ्यावर टाकायला आहे, सजावटीचा. मी तो खांद्यावरून ओढून पाहिला. पायापर्यंत पोचत होता, वजन भरपूर, थंडीत गुंडाळून बसायला उत्तम. कॅटलॉगमधल्या छायाचित्रात तो सोफ्यावर टाकलेला असला तरी वस्तूची घडण ब्लँकेटची होती. ६३०१.३०. तिसरा मात्र वेगळा निघाला : जाळीसारखी विरळ वीण, आरपार दिसेल अशी, अरुंद पट्टा, टोकांना मणी ओवलेले. पांघरता येत नाही, ऊब देत नाही. सोफ्याच्या पाठीवर टाकायचा, बस. हा ६३०४.९२.

जमिनीवर अंथरायच्या मालात प्रकरण ५७ ची पहिली टीप कामाला येते. वापरताना ज्याचा वरचा, उघडा भाग कापडी तंतूंचा असतो ते आच्छादन ५७ मध्ये. आणि ज्याची घडण जमिनीवरच्या आच्छादनाची आहे पण जे दुसऱ्या कामासाठी आहे, तेही ५७ मध्येच. आमच्या काही सतरंज्या भिंतीवर टांगण्यासाठी विकल्या जातात, त्यांना वर काठी घालायला नळी शिवलेली असते. तरी त्या ५७०२, कारण जाड, घट्ट, पायाखाली टिकेल अशी ती वीण आहे. गाठी मारून केलेला गालिचा असता तर ५७०१, टफ्टिंगचा (तयार कापडात सुईने धाग्यांचे फासे खोचून केलेला) असता तर ५७०३. सतरंजीची पाठ बघितली की हे कळतं. मी प्रत्येक नमुना उलटा करून फोटो काढला आणि तो फोटो फाइलमध्ये लावला.

टेबल मॅटमुळे कापडाच्या विभागाबाहेर जावं लागलं. लव्हाळ्याच्या, न कातलेल्या काड्या एकमेकींत गुंफलेल्या असतील तर ते प्रकरण ४६, गुंफणकामाचं. त्याच आकाराची मॅट कातलेल्या तागाच्या सुताची असेल तर ते कापड. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची मॅट आली तर मोजपट्टी काढायची : पट्टीची दिसणारी रुंदी ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती कापडी धाग्यासारखी धरतात, त्याहून रुंद असेल तर गुंफणकामाचं साहित्य. मोजपट्टी, भिंग आणि छोटा वजनकाटा ही तीन साधनं या कामात पुस्तकांइतकीच लागतात.

वजनकाटा लागला तो तंतूसाठी. हेडिंग ठरलं तरी सबहेडिंगला तंतू विचारतात : कापूस, मानवनिर्मित की इतर? मिश्रण असेल तर विभागाची दुसरी टीप सांगते की वजनाने जो जास्त, सगळी वस्तू त्याचीच समजा. कुणीच जास्त नसेल, तर बरोबरीच्या दावेदारांपैकी क्रमाने शेवटी येणारा धरा. आमच्या रनरवर लेबल होतं, ५० टक्के कापूस, ५० टक्के लिनन. हे खरं असेल तर कापूस ५२, लिनन ५३, शेवटचा ५३, म्हणून ६३०२.५९, ‘इतर तंतू’. पण लेबलावरचे गोल आकडे मला नेहमी खटकतात. विणकराकडून कळलं की ताणा सुती आणि बाणा लिननचा आहे, आणि ‘अर्धा-अर्धा’ तेवढ्यावरून लिहिलंय. ताणा-बाणा वेगळ्या तंतूंचे असतील तर रसायनांची गरज नाही. मी एक चौकोन कापला, सुईने आडवे धागे काढले, उभे बाजूला ठेवले आणि दोन्ही ढीग वजन केले. लिनन जाड सुताचा, त्यामुळे स्पष्ट जास्त भरला. कोड तोच आला, पण आता तो लेबलाच्या भरवशावर नव्हता. दोन्ही तंतू एकाच सुतात कातलेले असते तर हे जमलं नसतं. कापूस आणि लिनन दोन्ही सेल्युलोज, आम्लात दोन्ही विरघळतात, तिथे सूक्ष्मदर्शकच लागतो. कापूस-पॉलिएस्टरचं मिश्रण त्या मानाने सोपं : ७५ टक्के गंधकाम्लात कापूस जातो, पॉलिएस्टर उरतं.

एका कुशन कव्हरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सहज नजरेतून निसटते. कापूस ४५ टक्के, पॉलिएस्टर ३०, व्हिस्कोस २५. एकेकटा पाहिला तर कापूस सगळ्यात जास्त. पण टीप म्हणते, आधी प्रकरण निवडा, मग त्यातलं हेडिंग. आणि मानवनिर्मित तंतूंची ५४ आणि ५५ ही दोन प्रकरणं तिसऱ्या कुणाबरोबर स्पर्धेत असतील तर त्यांना एकच प्रकरण धरा. म्हणजे मानवनिर्मित ५५ टक्के, कापूस हरला. मग त्या दोघांत पॉलिएस्टर जास्त, म्हणून ६३०४.९३, सिंथेटिक. टर्की टॉवेलला आणखी एक सवलत आहे : खालचं कापड हिशेबात धरत नाहीत, फक्त वरच्या फाशांचा तंतू पाहतात. पाया पॉलिएस्टरचा असला तरी फासे सुती असतील तर टॉवेल सुती, ६३०२.६०. भरतकामात याच्या उलट, खालचं कापड पाहतात आणि भरतकामाचा धागा सोडून देतात. चादरीत छापील आहे की नाही हे विचारतात, आणि बाटिकही छापीलमध्येच मोजतात. मागावरच विणून काढलेली नक्षी मात्र छापील नव्हे.

घोषणापत्र भरलं ते प्रत्येक ओळीला पूर्ण वर्णन देऊन : मागावरचं की निटेड, तंतू आणि त्याचं वजनी प्रमाण, मोजमाप, दर चौरस मीटरचं वजन, काठ कसा केलाय, आत काही भरलंय का. माल आला तेव्हा तपासणीत प्रश्न आला तो तिसऱ्या थ्रोवर. अधिकाऱ्यांचं म्हणणं, तिन्ही थ्रो आहेत तर एक वेगळ्या हेडिंगमध्ये का? प्रश्न रास्त होता. मी तिन्ही नमुने त्यांच्यापुढे ठेवले आणि ६३०१ च्या एक्सप्लनेटरी नोटमधलं थंडीपासून बचाव करणाऱ्या जाड कापडाचं वर्णन दाखवलं. त्यांनी तो जाळीदार पट्टा हातात घेऊन उजेडाकडे धरला, मोजमाप घेतलं, एक नमुना ठेवून घेतला. सतरंजीची नळी पाहून त्यांनी तीही ६३०४ ची भिंतीवरची सजावट असावी असं सुचवलं. तिथे ५७ ची पहिली टीप आणि पाठीचा फोटो पुरला. वाद असा झालाच नाही. दोन माणसं एकाच वस्तूकडे पाहत होती आणि दोघांच्याही हातात तोच मजकूर होता. माल घोषित केलेल्या हेडिंगांवरच सुटला.

यानंतर मी एक गोष्ट आधीच विचारून घेतली, ती म्हणजे पलंगाचा संच : भरलेली रजई, चादर, दोन अभ्रे आणि कुशन कव्हरं, एका पिशवीत. वेगवेगळी हेडिंग, त्यामुळे इथे तिसरा नियम खरोखरच लागतो. कपड्यांचे संच सुटे करून वर्गीकृत करावेत अशी टीप विभाग अकरात आहे, पण ती फक्त अंगात घालायच्या कपड्यांसाठी. पलंगाच्या संचाला ती आडवी येत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात, जो २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आहे, माल येण्याआधी वर्गीकरणाचा लेखी निर्णय मागण्याची सोय आहे आणि तो अर्जदारासाठी कस्टम्सवर बंधनकारक असतो. मी नमुना, घटकांची वजनं, प्रत्येकाची किंमत, पिशवीचा फोटो आणि माझं म्हणणं असं सगळं जोडून अर्ज केला. वजन, किंमत आणि वापरातलं महत्त्व या तिन्ही बाजूंनी रजई पुढे होती, म्हणून संच रजईच्या सबहेडिंगमध्ये, ९४०४.४० मध्ये जावा असं माझं म्हणणं होतं. निर्णय तसाच आला.

त्यात एक अट स्पष्ट लिहिलेली होती : संच सीमेवर येतानाच ग्राहकाला थेट विकता येईल अशा एकाच पिशवीत असला पाहिजे. रजया एका खोक्यात, चादरी दुसऱ्या खोक्यात आणि पिशव्या तिसऱ्यात आल्या आणि आपण इथे भरल्या, तर तो संच नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या हेडिंगला जाते. पुरवठादाराला पाठवलेल्या नव्या ऑर्डरमध्ये पॅकिंगची ही अट मी पहिल्या ओळीत घातली आहे, आणि तिच्या खाली प्रत्येक वस्तूपुढे तिचा स्वतःचा कोड.